मेहमान आणि मुसाफिर

सातवीच्या वर्गाला मी दरवर्षी एक प्रश्न विचारतो. मेहमान आणि मुसाफिर यांत फरक काय? मुलं क्षणाचाही विचार न करता ओरडतात, "सर, मेहमान घर कू आता, मुसाफिर गाडी में बैठता!" वर्ग हसतो, मीही हसतो. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे लगेच मराठीकडे वळायची मला सवय आहे. मराठीतही पाहुणा वेगळा आणि वाटसरू वेगळा. अतिथी हा शब्द तर फार सुंदर आहे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. म्हणजे मुळात तो अवचित दारात येऊन उभा राहिलेला अनोळखी माणूस. आपण मात्र त्याचा अर्थ बदलून टाकला. आजचा 'प्रमुख अतिथी' पत्रिकेवर तिथी छापून, हार तयार ठेवूनच येतो.

इतकी वर्षं हा फरक मी फळ्यावर शिकवला. तो मला नीट कळला यंदा, अंधेरीच्या रस्त्यावर, दोन बॅगा, एक भाचा आणि गुडघे दुखणारी मोठी बहीण सोबत असताना.

भाच्याला घानातल्या कुमासी शहरात एका कंपनीच्या गोदामात स्टोअर कीपरची नोकरी लागली. घाना कुठे आहे हे आमच्या मोहल्ल्यात आधी कुणालाच सांगता येईना. मग पश्चिम आफ्रिकेचा नकाशा मोबाइलवर फिरला, पिवळ्या तापाची लस निघायच्या दहा दिवस आधी घ्यावी लागते हे कळलं, त्याचं पिवळं कार्ड पासपोर्टात अडकवून ठेवलं गेलं. मुंबईहून अदिस अबाबा, तिथून अक्रा, असं तिकीट होतं. विमान पहाटेचं. रात्री दोनपर्यंत विमानतळावर पोहोचायचं.

आता आमचं गाव जळगाव जामोद. जळगाव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे खानदेशातलं जळगाव येतं, म्हणून शेजारच्या जामोदचं नाव जोडून आमची ओळख सांगावी लागते. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, रेल्वे नाही. नांदुऱ्याला जाऊन गाडी पकडायची. तिथून मुंबई पाचशे किलोमीटरांच्या वर. गाडी उशिरा आली, मध्येच थांबली, तर विमान काही थांबणार नाही. म्हणून आमच्याकडचा माणूस एक दिवस आधी मुंबईत पोहोचतो. उमराला जाणारे म्हातारे नवरा-बायको, दुबईला परतणारा वेल्डर, परदेशात डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलीला सोडायला निघालेला सोयाबीनचा व्यापारी, सगळ्यांची तीच गत. मुंबई-पुण्याचा माणूस घरून जेवून टॅक्सीने विमानतळावर जातो. विमानतळाजवळच्या स्वस्त लॉजची खरी गरज असते ती आमच्यासारख्या आडगावच्या माणसाला.

आम्ही सकाळी दादरला उतरलो आणि अंधेरीला गेलो. खोली आधीच मोबाइलवरून ठरवली होती. अर्धे पैसे भरले होते. काउंटरवरच्या मुलाने तिघांची आधार कार्डं घेतली, पाहिली, आत गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. "सर, बुकिंग सिस्टीममध्ये दिसत नाही." मी मेसेज दाखवला. तो पुन्हा आत गेला. "मालक म्हणतात, आज फॅमिलीला देत नाही." आम्ही बाजूला उभे असतानाच एक जोडपं दोन मुलांसह आलं. त्यांना किल्ली मिळाली.

दुसऱ्या ठिकाणी कारण निराळं. "लोकल आधार चालत नाही." मी म्हटलं, "अरे बाबा, पाचशे किलोमीटरांवरून आलोय. आम्ही लोकल कसे?" तो म्हणाला, "महाराष्ट्राचं आधार ना? मग लोकल." महाराष्ट्राच्या राजधानीत महाराष्ट्राचं आधार कार्ड चालत नाही, हे मराठीच्या शिक्षकाने निमूटपणे ऐकून घेतलं.

आमच्या नावांमुळेच नकार मिळाला असं मी शपथेवर सांगू शकत नाही. सिस्टीम खरंच बंद असेल. नियम खरंच तसा असेल. अशा नकाराचं हेच तर वैशिष्ट्य आहे की तो कधीच सिद्ध होत नाही. समोरचा नम्रपणे बोलतो, हात जोडतो, आणि तुम्ही रस्त्यावर असता. आपा म्हणाली, "छोड दे रे. अपन इस्टेशनपेच बैठते ना." वीस वर्षांचा भाचा खाली मान घालून मोबाइल पाहत होता. परदेशी निघालेल्या पोराला देशातली शेवटची आठवण ही मिळावी, याचं मला जास्त वाईट वाटलं.

तिसरा लॉज मरोळच्या एका गल्लीत मिळाला. खाली गॅरेज, वर तीन मजले, लिफ्ट नाही. भिंतीवर दरपत्रक लावलेलं: बारा तासांचा दर, चोवीस तासांचा दर, जादा गादीचा दर. मॅनेजर सिंधुदुर्गाकडचा, बोलण्यावरून लगेच कळलं. त्याने कार्डं घेतली, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि विचारलं, "किती माणसं? विमान किती वाजता? टर्मिनल कुठलं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "टर्मिनल दोन ना? मग दीडला उठवतो. रिक्षा खाली असेल. ताईंना पहिल्या मजल्यावरची खोली देतो, जिना कमी." झालं. ना स्मितहास्य, ना सरबत. तीन प्रश्न, तिन्ही कामाचे.

खोली आठ बाय दहाची असेल. पलंग, एक जादा गादी, धुतलेली चादर, गरम पाण्याचा नळ, आतून नीट लागणारी कडी. खिडकी उघडली की विमानाचा आवाज कानात शिरत होता, म्हणून ती बंद ठेवली. आपाने पहिल्यांदा संडास पाहून घेतला आणि मान डोलावली. आमच्या घरात कुठल्याही जागेची परीक्षा तिथूनच सुरू होते.

१६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून मोगल दरबाराकडे निघाला, तेव्हा वाटेत बऱ्हाणपूरला थांबला होता. बऱ्हाणपूर म्हणजे आमच्या सातपुड्याच्या पलीकडचं गाव. कोतवालाने लवाजम्यासह त्याचं स्वागत केलं आणि राहायला सराईतल्या चार खोल्या दिल्या. रोने आपल्या रोजनिशीत तक्रार लिहून ठेवली आहे की त्या खोल्या भट्टीएवढ्या होत्या, वरून गोल, विटांच्या. मरोळच्या खोलीत पंख्याखाली पडल्यावर मला त्याची आठवण आली. स्वागताला लवाजमा आणि झोपायला भट्टी. आम्हाला मिळालं ते याच्या नेमकं उलट होतं, आणि मला ते पसंत पडलं.

त्या खोलीत मी जोहर आणि असरच्या नमाजा कसर केल्या. मुसाफिराला चार रकातींची फर्ज नमाज दोनच रकाती असते. रमजानातला रोजाही त्याला पुढे ढकलता येतो. दीन मुसाफिराचं ओझं कमी करतो. जकात कुणाला द्यावी हे कुराणाच्या सूरह तौबात सांगितलं आहे. त्या आठ हक्कदारांच्या यादीत शेवटचं नाव इब्नुस्सबीलचं, म्हणजे वाटेवरच्या माणसाचं. उलेमा सांगतात की तो घरी श्रीमंत असला तरी वाटेत अडकला असेल तर हक्कदार आहे. त्याची जात, गाव, ऐपत यापेक्षा तो वाटेवर आहे ही एकच गोष्ट इथे मोजली जाते. आपण जकातीची चर्चा करतो तेव्हा गरीब, विधवा, मदरसे, कर्जदार यांच्यापर्यंत येऊन थांबतो. शेवटच्या नावापर्यंत फारसं कुणी पोहोचत नाही.

रात्री बरोबर दीड वाजता दारावर दोन टकटक झाल्या. "टर्मिनल दोन!" रिक्षा खाली उभी होती. विमानतळाच्या दारातून भाचा आत गेला. आम्ही दोघं परत त्याच खोलीत येऊन पडलो, कारण बारा तास अजून संपले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गावाकडे परतताना गाडीत माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. मुंबईत आपले मुसाफिरखाने आहेत की. मग आम्ही तिथे का गेलो नाही? उत्तर सोपं आहे. ते दूर आहेत. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना, सीएसएमटीजवळचं हज हाऊस, सगळं दक्षिण मुंबईत. तिथून टर्मिनल दोन वीस-पंचवीस किलोमीटर. ज्यांनी तो मुसाफिरखाना बांधला त्यांची यात काही चूक नाही. उलट त्यांनी फार विचार करून जागा निवडली होती. तेव्हा हाजी जहाजाने जात. देशभरातून रेल्वेने बोरीबंदरला उतरायचं, मुसाफिरखान्यात काही दिवस काढायचे, लस आणि कागदपत्रं उरकायची आणि गोदीवरून जहाज पकडायचं. स्टेशन आणि गोदी यांच्या मधोमध मुसाफिरखाना. याहून व्यवहारी जागा दुसरी नव्हती.

हाजींचं जहाज १९९५ साली बंद झालं. मुंबईचं दार गोदीवरून सहारला गेलं. आज मुसाफिराच्या खिशात विमानाचं तिकीट असतं, पण त्याच्यासाठी केलेली आपली सोय अजून जहाजाची वाट पाहते आहे. जुन्या पिढीने दानधर्म करताना वाटसरूचा रस्ता पाहिला. आपण त्यांनी उभारलेल्या इमारतीकडे पाहतो आणि अभिमान बाळगतो. रस्ता कुठे वळला ते पाहत नाही.

तिसऱ्या दिवशी भाच्याचा व्हॉइस मेसेज आला. कुमासी अक्रापासून बरंच आत आहे आणि कंपनीची गाडी सकाळी येणार होती, म्हणून पहिली रात्र त्याने अक्राच्या विमानतळाजवळच्या एका लहान हॉटेलात काढली. आवाजात थकवा होता, पण हलकं वाटत होतं. "मामू, नाम पूछा, पासपोर्ट देखा, चाबी दे दी. बस." खोली साधी, मच्छरदाणी लावलेली, सकाळी पाव आणि अंडं. काउंटरवरच्या पोराने 'अक्वाबा' म्हटलं, म्हणजे तिकडच्या भाषेत या, स्वागत आहे. भाच्याने त्याला मोबाइलवरून किब्ला विचारला. तो पोरगा ख्रिस्ती होता, पण त्याने बोट दाखवलं. इथे येणारे इतके लोक रोज विचारतात की त्याला पाठ झालं आहे म्हणे. आणि मग भाचा हसत म्हणाला, "मामू, यहाँ किब्ला उल्टी तरफ है." खरंच की. आमच्याकडे जन्मापासून मगरिबकडे तोंड करून नमाज पढायची. अक्रा मक्केच्या पश्चिमेला आहे, तिथे पूर्वेकडे तोंड करावं लागतं. जळगाव जामोदच्या पोराला परमुलखातल्या पहिल्या संध्याकाळी दिशा दाखवली ती एका ख्रिस्ती पोराने, कारण ते त्याच्या रोजच्या कामाचा भाग होतं.

मला इब्न बतूता आठवला. दिल्लीत मुहम्मद तुघलकाने त्याला काजी केलं, पैसा दिला, मान दिला. मेहमान म्हणून त्याची चंगळ होती. पण तोच इब्न बतूता सुलतानाचा वकील म्हणून दिल्लीहून चीनकडे निघाला, तेव्हा कोइलजवळ, म्हणजे आजच्या अलिगढजवळ, लुटला गेला आणि कसाबसा जिवानिशी वाचला. पुढे १३५२ साली तो सहारा वाळवंट ओलांडून पश्चिम आफ्रिकेतल्या मालीला गेला. तिथल्या सुलतान सुलेमानकडून भेट आली असं ऐकून तो उठून उभा राहिला. वाटलं खिलत असेल, मोहरा असतील. पाहतो तर तीन भाकरी, तळलेल्या गोमांसाचा एक तुकडा आणि दह्याने भरलेला भोपळा. त्याला हसू आलं, आणि त्याने सुलतानाला कंजूष ठरवलं. पण त्याच माणसाने मालीबद्दल प्रशंसेने लिहिलं आहे की या देशात प्रवाशाला ना चोराचं भय, ना जुलमाचं.

मला वाटतं हा सगळा निबंध या दोन देशांच्या फरकात मावतो. एक देश मेहमानावर मोहरा उधळतो आणि त्याचा रस्ता असुरक्षित असतो. दुसरा देश मेहमानाला तीन भाकरी देतो, पण त्याचा वाटसरू निर्धास्त चालतो. मेहमाननवाजीत आपला समाज कमी नाही. ओळखीचा माणूस दारात आला तर घरातली शेवटची कोंबडी कापली जाते. पण मेहमान ओळखीचा असतो. त्याचं नाव, खानदान, मसलक, गाव आपल्याला माहीत असतं. मुसाफिराचं काहीच माहीत नसतं. म्हणून समाजाची परीक्षा मुसाफिरापाशी होते.

नकार मिळाला की आपण संविधानाकडे पाहतो, आणि पाहायलाच हवं. अनुच्छेद १५ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणावरून कुणालाही दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत जायला अडवता येणार नाही. पुढे विहिरी, तलाव, रस्ते यांचाही उल्लेख आहे. एवढे बारीक शब्द संविधानात का घातले असतील? मसुदा समितीच्या अध्यक्षांना स्वतःचा अनुभव होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशात शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशांच्या एका मुक्कामगृहात ते पारशी नाव सांगून राहिले. काही दिवसांनी लाठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. शहरात दुसरीकडे कुठे सोय झाली नाही. ते एका बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

हे आपण भाषणात सांगतो. पण बाबासाहेबांनी त्याच आठवणींमध्ये दौलताबादचाही प्रसंग लिहिला आहे. १९३४ साली, रमजानच्या महिन्यात, ते आपल्या सहकाऱ्यांसह किल्ला पाहायला गेले. प्रवासाची धूळ धुवायला दारातल्या हौदाच्या पाण्याला हात लावला, तर पाणी बाटवलं म्हणून गलका करणारे मुसलमान होते. हा प्रसंग आपल्या जलशांत मी कधी ऐकला नाही. वाटसरूला पाणी आणि जागा नाकारण्यात कुठलाच समाज मागे नाही.

आणि मी स्वतः? आता हे लिहिलं नाही तर वरचं सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत, बारावीच्या परीक्षेच्या आधी, एक माणूस माझ्या दारात आला होता. सातपुड्यातल्या एका आदिवासी वाडीतला. मुलीचं परीक्षा केंद्र आमच्या गावात होतं. रोज डोंगरातून येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं. "गुर्जी, वरची खोली द्या म्हनलं पंधरा-वीस दिवस. पोरगी आन् तिची माय राहतीन. भाडं देतो." माझी वरची खोली रिकामीच होती. बायको आतून म्हणाली, "दे दो ना, बच्ची है." आणि मी काय म्हणालो? "खोली रिकामी नाही. मेहमान येणार आहेत." अनोळखी लोक, काय खातील, कोण येईल-जाईल, मोहल्ला काय म्हणेल, असं बरंच काही मनात आलं होतं. त्यातलं काहीच मी बोललो नाही. नम्रपणे बोललो, हातही जोडले. तो "बरं गुर्जी" म्हणून गेला. मेहमान कुणी आले नाहीत. ती मुलगी कुठे राहिली मला माहीत नाही.

अंधेरीच्या काउंटरवर मी चिडलो होतो तेव्हा हे आठवलं नाही. मरोळच्या खोलीत आठवलं. त्या काउंटरवरच्या मुलाचे शब्द आणि माझे शब्द जवळजवळ तेच होते.

परत आल्यावर जुम्याच्या नमाजनंतर चार माणसांत मी विषय काढला. मुंबई विमानतळाजवळ एक साधा मुसाफिरखाना असावा. संगमरवर नको, दर्शनी घुमट नको. मरोळ, अंधेरीकडे जमीन विकत घेणं आपल्या ताकदीबाहेरचं आहे, मान्य. पण चालू इमारतीतला एखादा मजला वर्षाच्या कराराने घेता येतो. विदर्भ, मराठवाड्यातल्या पाच-दहा तालुक्यांच्या जमातींनी, ट्रस्टांनी मिळून भार उचलला तर जमण्यासारखं आहे. आमच्या गावात एका जलशाच्या मंडप-जेवणाला लागतो तेवढा पैसा वर्षाला एका तालुक्याने बाजूला काढावा, एवढंच माझं म्हणणं. जकातीच्या पैशाचे मसले उलेमांना विचारावेत. लिल्लाह आणि सदक्याची रक्कम तर हातात आहे.

एका बुजुर्गांनी विचारलं, "फुकट ठेवायचं ना?" मी म्हटलं, नाही. फुकट दिलं की उपकार होतो, आणि उपकार घेणारा अस्वच्छ चादरीबद्दल तक्रार करू शकत नाही. आपल्यापासून तास-दीड तासावर शेगाव आहे. गजानन महाराज संस्थानचा भक्तनिवास एकदा जाऊन पाहा. मी शाळेच्या कामाने तिकडे गेलो असताना एक रात्र राहिलो आहे. दर कमी, पण दर आहे. फरशी चकचकीत, पाणी वेळेवर, सेवेकरी नम्र आणि अबोल. माझं नाव लिहून घेताना तिथल्या माणसाने मानही वर केली नाही. चांगलं कुठे आहे ते पाहून शिकायला कमीपणा कसला?

दुसरा प्रश्न जास्त कठीण होता. "आपल्याच लोकांसाठी ठेवायचं ना? बाकीच्यांना घेतलं तर आपल्याला जागा उरेल का?" प्रश्न चुकीचा नव्हता. ज्यांना दुसरीकडे नकार मिळतो त्यांच्यासाठी तर हे करायचं. पण दारावर 'फक्त आपले' लिहिलं तर त्या अंधेरीच्या मालकाला आपण काय तोंडाने बोलणार? तोही हेच म्हणतो, फक्त तो पाटी लावत नाही. माझं म्हणणं असं की ज्याच्या हातात दुसऱ्या दिवशीचं तिकीट आहे तो मुसाफिर. जो आधी येईल त्याला खोली. कायद्याने लागतं तेवढं ओळखपत्र पाहायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं, आणि पुढचा प्रश्न विमान किती वाजता हा असावा. बैठक काही ठरवून संपली नाही. चहा झाला, लोक उठले. पण दोघे जण मागे थांबले. एकाचा मुलगा रियाधला आहे, दुसऱ्याची मुलगी डॉक्टरकीसाठी बाहेर जायची आहे. पुढची बैठक त्यांच्या घरी आहे.

विमानतळाजवळच्या जागेत काय असावं याची यादी करायला नवीन अक्कल लागत नाही. इंग्रजांनी १८६७ साली सराईंसाठी कायदा केला होता. त्यात सराईवाल्याची कामं मोजून सांगितली होती. खोल्या, ओसऱ्या, विहिरी साफ ठेवायच्या. भिंती, छप्पर, दारं दुरुस्त ठेवायची. पहारेकरी नेमायचा. दरपत्रक लोकांना दिसेल असं लावायचं. दीडशे वर्षं जुनी यादी आहे आणि तिच्यात मी दोनच गोष्टी जोडेन: रात्री दीडला दार वाजवणारा माणूस आणि खाली उभी असलेली रिक्षा. बायकांसाठी आतून लागणारी कडी मी धरूनच चाललो आहे.

मुसाफिरखाना होईल तेव्हा होईल. तोपर्यंत माझ्या हातात आहे तेवढं करतो आहे. आमच्या गावात एक यादी मोबाइलवर फिरते, मुंबईत 'आपल्याला' खोली देणाऱ्या लॉजची. मरोळच्या त्या लॉजचा पत्ता मी तिच्यात घातला, आणि सोयाबीनच्या व्यापाऱ्यालाही दिला. त्यालाही 'लोकल आधार' म्हणून एकदा परत पाठवलं होतं असं तो म्हणाला. म्हणजे काही नकार खरंच नियमाचे असतात. हेही लिहून ठेवायला हवं.

आणि वरची खोली. तिला चुना मारून घेतला आहे. बल्ब बदलला, आतली कडी नवी बसवली, टेबल-खुर्ची वर नेली. दारामागे दिवसाचं भाडं लिहून लावलं आहे. बायकोने ते वाचून थोडं कमी करायला लावलं. डोंगरातल्या वाडीवरच्या शिक्षकांना निरोप दिला आहे की बारावीच्या परीक्षेला कुणा मुलीला जागा लागली तर सांगा. मागच्या वर्षीची ती मुलगी पास झाली का, एवढंही त्यांना विचारायला सांगितलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.